सात जीबीची फाइल, नव्वद एमबीची जागा

घरच्या मीडिया सर्व्हरची, म्हणजे चित्रपट साठवून घरभर दाखवणाऱ्या संगणकाची, हार्ड डिस्क भरत आली की 'सगळे क्लाउडवर टाकून द्या' हा सल्ला हमखास मिळतो. क्लाउड म्हणजे आणखी एक मोठी डिस्क आणि दोन्ही जोडल्या की जागेची बेरीज होते, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात या दोन जागांचा स्वभाव वेगळा आहे. घरची डिस्क हवा तो बाइट काही मिलिसेकंदांत हाती देते, तर क्लाउडकडची प्रत्येक मागणी इंटरनेटवरून दूरच्या एखाद्या इमारतीतल्या डिस्कपर्यंत जाऊन परत येते. तरीही जेलीफिन किंवा प्लेक्स या मीडिया सर्व्हरच्या प्रोग्रामवर क्लाउडमधला चित्रपट घरच्या डिस्कवर असल्यासारखा लागतो, तो कसा, हे मला या साऱ्या प्रकारातले सर्वांत सुंदर कोडे वाटते.

सेकंदाला 8 मेगाबिट, म्हणजेच 1 मेगाबाइट, या दराचा दोन तासांचा चित्रपट 7.2 जीबी भरतो. 100 मेगाबिटच्या ब्रॉडबँडवर, पूर्ण वेग मिळाला तरी, ती फाइल उतरवायला साडेनऊ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. मात्र प्लेअरला एका वेळी पूर्ण फाइल नकोच असते. वेबच्या एचटीटीपी या नियमावलीत 'या फाइलचे अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत द्या' अशी मागणी करण्याची सोय 1990च्या दशकापासून आहे. तशी मागणी आली की समोरचा सर्व्हर नेहमीच्या 200 ऐवजी 206 हा संकेतांक पाठवतो. त्याचा अर्थ 'मागितलेला भाग पाठवत आहे' असा होतो.

पण कोणता भाग मागायचा, हे प्लेअरला कसे कळते? एमपी4 फाइल अनेक कप्प्यांची बनलेली असते. 'एमडॅट' या कप्प्यात प्रत्यक्ष चित्र आणि ध्वनी असतात, तर 'मूव्ह' या कप्प्यात त्यांची अनुक्रमणिका असते. समजा, आपण 1 तास 10 मिनिटांवर उडी मारली. ती वेळ 4,200 सेकंदांची. सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) धरल्या तर आपल्याला 1,05,000 क्रमांकाच्या चौकटीपाशी जायचे आहे. मात्र बहुतेक चौकटी स्वतंत्र चित्र साठवत नाहीत, शेजारच्या चौकटींशी असलेला फरकच साठवतात. म्हणून प्लेअर अनुक्रमणिकेतल्या एका तक्त्यात पाहतो आणि त्याआधीची सर्वांत जवळची पूर्ण चौकट शोधतो. समजा, ती 1,04,900 क्रमांकाची निघाली. ती फाइलमध्ये नेमकी कुठे आहे, हे आणखी काही तक्ते मिळून सांगतात. दर सगळीकडे सारखा असेल, तर ती जागा 420 कोटीव्या बाइटच्या जरा अलीकडे येते, आणि प्लेअर तेथून पुढचेच बाइट मागतो. मागची चार जीबी त्याने पाहिलेलीही नसतात.

येथे एक अडचण उद्भवते. चित्रीकरण संपल्याशिवाय अनुक्रमणिका पूर्ण होत नाही, त्यामुळे ती पुष्कळदा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. अशी फाइल क्लाउडमध्ये असेल, तर प्लेअरला आधी शेवटाकडे जाऊन मग सुरुवातीला यावे लागते, आणि प्रत्येक फेरीचा वेळ मोजावा लागतो. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्राममधला 'फास्टस्टार्ट' हा पर्याय चित्राला धक्का न लावता अनुक्रमणिका पुढे आणून ठेवतो. घरगुती चित्रीकरण क्लाउडवर चढवण्यापूर्वी मी हे न चुकता करतो.

आता घरच्या डिस्कचे काम सुरू होते. आरक्लोन हा मुक्त प्रोग्राम क्लाउडमधला साठा लिनक्सवर साध्या फोल्डरसारखा मांडतो आणि आलेले तुकडे घरच्या डिस्कवर जपून ठेवतो. त्यासाठी तो 'स्पार्स', म्हणजे विरळ, फाइल वापरतो. एखादा चित्रपट मिनिटभर पाहून थांबवावा आणि कॅशेच्या, म्हणजे या तात्पुरत्या साठ्याच्या, फोल्डरात 'एलएस' ही आज्ञा द्यावी, तर त्या फाइलचा आकार 7.2 जीबी दिसतो. त्याच फाइलवर 'डीयू' चालवावी, तर डिस्कवर जेमतेम 90 एमबी जागा व्यापलेली दिसते. मधली पोकळी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, फक्त नोंदीत ठेवते, तिच्यासाठी जागा खर्च करत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कला अशी पोकळी ठेवता येत नाही, म्हणून तिच्यावर कॅशे ठेवल्यास सारी व्यवस्था कमालीची मंदावते. कॅशेने ठरवलेली मर्यादा ओलांडली की ज्या फाइलला सर्वांत जास्त काळ कोणी हात लावलेला नाही, ती आधी काढली जाते.

यावर मर्जरएफएस या फोल्डर एकत्र दाखवणाऱ्या प्रोग्रामचा थर चढवला की घरचा फोल्डर आणि क्लाउडचा फोल्डर एकाच नावाखाली दिसतात. नवी फाइल आधी घरच्या डिस्कवर उतरते, रात्री एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञांची यादी, तिला क्लाउडवर हलवते, आणि जेलीफिनच्या दृष्टीने तिचा पत्ता बदलतच नाही. पोस्टर आणि माहितीचा डेटाबेस मात्र घरीच, शक्यतो एसएसडीवर, असावा, कारण यादी चाळताना शेकडो छोट्या फाइली एकदम मागितल्या जातात.

याला बॅकअप म्हणणे ही घातक चूक आहे. फाइल हलवली जाते, तिची दुसरी प्रत होत नाही. काल एक प्रत घरी होती, आज एक प्रत दूर आहे, इतकाच फरक पडतो. 'अमर्याद आणि कायमची' साठवण या जाहिरातींवरही विसंबू नये. गूगल फोटोजची मोफत अमर्याद सोय 1 जून 2021 रोजी थांबली आणि ॲमेझॉन ड्राइव्ह ही सेवा 31 डिसेंबर 2023 रोजी बंद झाली. मिनी-डीव्ही कॅसेटवरचे एक तासाचे घरगुती चित्रीकरण सुमारे 13 जीबी होते; अशा पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींची वेगळी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवलीच पाहिजे.

माझ्या घरी एकदा वीज जाऊन परत आली, तेव्हा राउटर सुरू होण्याआधीच सर्व्हर सुरू झाला. आरक्लोनला क्लाउडपर्यंत पोहोचता आले नाही आणि क्लाउडच्या फोल्डरच्या जागी नुसता रिकामा फोल्डर राहिला. फोल्डर तपासून यादी ताजी करणाऱ्या जेलीफिनच्या रात्रीच्या स्कॅनने क्लाउडमधल्या फाइली पुसल्या गेल्या असे मानले आणि शेकडो नावे यादीतून काढून टाकली. फाइली क्लाउडमध्ये सुखरूप होत्या, पण यादी नव्याने उभी करायला दोन दिवस गेले. रिकामा फोल्डर आणि न पोहोचता आलेला फोल्डर यांतला फरक सर्व्हरला आपोआप कळत नाही. म्हणून आता क्लाउडच्या मुख्य फोल्डरात मी शून्य बाइटची एक खुणेची फाइल ठेवली आहे, आणि ती दिसली तरच स्क्रिप्ट स्कॅन सुरू करते.