सहाध्यायी अध्यापन

शिक्षकाच्या देखरेखीखाली एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला शिकविण्याची रीत. वर्गात मागे पडलेल्या मुलाला सोबत्याच्या आधाराने पुढे आणणे हा तिचा आजचा मुख्य हेतू आहे.

उगम : याबाबत मतभेद आहेत. ही पद्धत सहसा स्कॉटिश धर्मोपदेशक अँड्र्यू बेल यांच्या नावावर घातली जाते. १७८९ पासून ते मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथालयाच्या शाळेचे प्रमुख होते व १७९७ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. इंग्रज शिक्षक जोसेफ लँकेस्टर यांनी साधारण त्याच सुमारास लंडनमध्ये स्वतंत्रपणे अशीच शाळा चालविली. श्रेयाचा वाद पुढे बराच रंगला. मलबारी मुलांचे वाळूत अक्षरे गिरविणे आपण पाहिल्याचे बेल स्वतः सांगतात. मात्र मुलांनी मुलांना शिकविण्याची कल्पनाही त्यांनी तेथूनच उचलली का, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ मध्ये आजच्या कर्नाटकातील इक्केरीच्या वाटेवर, गुरुजी जवळ नसताना एकमेकांकडून अंकगणित पक्के करून घेणाऱ्या मुलांचे वर्णन केले आहे. ते पाहता देशी उगमाचा पक्ष अधिक सबळ वाटतो. मराठी मुलखातील पंतोजींच्या शाळांत धूळपाटी व सामूहिक उजळणी होतीच : एकाने पावकी-निमकी म्हणायची, बाकीच्यांनी मागून. मुंबईच्या हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीने (स्थापना १८२२) लँकेस्टर यांची मुलांकडून मुलांना शिकविण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा ओळखीची रीत इंग्रजी वेषात परत आली, असे म्हणता येईल.

कार्यपद्धती : वाचनाच्या पातळीनुसार वर्गाची यादी करून तिचे दोन भाग पाडतात. चाळीस मुलांत पहिल्याची जोडी एकविसाव्याशी, दुसऱ्याची बाविसाव्याशी लागते. पहिला व चाळिसावा एकत्र बसविल्यास एक कंटाळतो, दुसरा खचतो. आठवड्यातून तीनदा, वीस ते तीस मिनिटे पुरतात. वाचणारा अडला की सोबत्याने चार-पाच सेकंद गप्प राहायचे; मग शब्द सांगायचा, तो म्हणवून घ्यायचा आणि वाक्य पहिल्यापासून वाचून घ्यायचे. मराठीत अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : जोडाक्षरे, रफार, ‘दुसऱ्या’तला ऱ्य. वजाबाकीत दशक सुटा करताना दहा काड्यांची जुडी प्रत्यक्ष सोडवून दाखवावी. नुकतेच शिकलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवते, आणि हेच त्याचे बळ असते.

बिघाड बहुधा दोन ठिकाणी होतो. सोबती थेट उत्तर सांगून मोकळा होतो. म्हणून अखेरच्या पाच मिनिटांत शिक्षकाने शिकणाऱ्यालाच, एकट्याला, तोंडी विचारावे. दुसरा बिघाड अधिक घातक : तेच मूल कायम ‘शिकणारे’ राहिले की ‘ढ’ हा शिक्का बसतो. दर तीन-चार आठवड्यांनी जोड्या बदलाव्यात आणि मागे पडलेल्यालाही खालच्या इयत्तेला शिकवायला बसवावे. ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य वर्गात उच्चारू देऊ नये. ते शिक्षकाच्या तोंडीही नको. कमी दिसणे, कमी ऐकू येणे किंवा उपाशीपोटी येणे ही कारणे असतील, तर जोडी लावून काही साधत नाही. बांधकामावरच्या कुटुंबांतील मुलांची घरची भाषा पुष्कळदा वेगळी असते. तिथे दोन्ही भाषा जाणणारा सोबती शोधणे आवश्यक ठरते.

परिणाम : अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये वैयक्तिक शिकवणीचा फार मोठा लाभ नोंदविला, नंतरच्या अभ्यासांत तो बराच कमी दिसतो, आणि तेच आकडे अधिक विश्वसनीय मानावेत.

पुण्यात : शिकवणीइतकाच राहण्या-जेवणाचा आधारही येथे जुना आहे. गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली. पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आज एकमेकांना प्रश्न विचारून तयारी करतात.