सोंगकालिया नदीकाठची मोन वस्ती : पार्श्वभूमी

थायलंडच्या कांचनाबुरी प्रांतातील संगखलाबुरी येथे पहाटे लाकडी पूल ओलांडणाऱ्या पाहुण्याला गालांवर थनाका (झाडाची साल उगाळून केलेला पिवळसर लेप) लावलेल्या, डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या मोन या वांशिक समाजाच्या स्त्रिया दिसतात आणि रांगेने येणाऱ्या भिक्खूंच्या पात्रांत गावकरी भात वाढताना दिसतात. हे सारे याच जागी शतकानुशतके चालत आले असावे, असा त्याचा समज होतो. भिक्षादानाची प्रथा प्राचीन आहे. मात्र वस्ती, पूल आणि पुलाखालचे विस्तीर्ण पाणी ही तिन्ही गेल्या काही दशकांतील आहेत.

मोन समाज या भूमीला परका नव्हे. मध्य थायलंडमध्ये सुमारे सहाव्या ते अकराव्या शतकात बहरलेली द्वारावती संस्कृती मोन भाषकांचीच होती. पुढे त्यांची सत्ता खालच्या ब्रह्मदेशात, पेगू येथे टिकून राहिली; 1757 मध्ये बर्मी राजा अलौंगपयाने पेगू जिंकल्यावर मात्र मोन लोकांचे लोंढे सयामकडे, म्हणजे आजच्या थायलंडकडे वळले. चाओ फ्राया नदीकाठी, को क्रेत बेटासारख्या ठिकाणी स्थिरावलेल्या मोन वस्त्यांमागे अशीच स्थलांतरे आहेत.

संगखलाबुरीची वस्ती त्या मानाने बरीच अलीकडची. 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि पाठोपाठ यादवी पेटली, तेव्हा येथील तीन पॅगोडांच्या खिंडीच्या वाटेने अनेक मोन कुटुंबे सीमा ओलांडून आली. त्याच काळात आलेले, 1910 साली जन्मलेले मोन भिक्खू लुआंग फो उत्तमा या निर्वासितांचे आधारस्तंभ ठरले. तीन नद्यांच्या संगमाजवळ वाट वांग विवेकाराम हा विहार उभा राहिला आणि त्याच्याभोवती गाव वसले.

1984 च्या सुमारास खाओ लाएम धरण पूर्ण झाले आणि विहारासह जुने गाव बुडीत क्षेत्रात गेले. आधीच देश सोडून आलेली, पुष्कळदा थाई नागरिकत्वही नसलेली ही माणसे आता धरणग्रस्तही झाली. उत्तमांनी विहार उंचावर नव्याने बांधला आणि विहाराच्या जमिनीवर विस्थापितांना घरांसाठी जागा दिली. बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवरील चैत्यही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. पाण्याने भरलेल्या जुन्या विहाराचे अवशेष पाहायला आज होड्या जातात. कुणाचे घरदार बुडाले ती जागा पर्यटनस्थळ होते, याचा विचार तेथे जाणाऱ्याने अवश्य करावा.

जलाशयामुळे मोन वस्ती एका काठावर आणि बाजार, कचेऱ्या असलेले थाई गाव दुसऱ्या काठावर राहिले. ही अडचण दूर करण्यासाठी उत्तमांच्या नेतृत्वाखाली 1986-87 मध्ये ग्रामस्थांनी सुमारे 850 मीटर लांबीचा लाकडी पूल बांधला. थायलंडमधील तो सर्वांत लांब लाकडी पूल मानला जातो. उत्तमा 2006 मध्ये निवर्तले. जुलै 2013 मधील मुसळधार पावसात वाहून आलेल्या ओंडक्या-काटक्यांच्या माऱ्याने पुलाचा मधला भाग कोसळला, तेव्हा गावकऱ्यांनी काही दिवसांतच बांबूचा तरंगता पूल बांधून दोन्ही काठ जोडले आणि 2014 मध्ये मूळ पूल दुरुस्त होईपर्यंत त्यावरूनच ये-जा चालू ठेवली.