नेवऱ्यांचं तेल आणि भागधारकाचा प्रश्न

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या आमच्या घरी मावशी नेवऱ्या तळायला बसली होती. तेलाची पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "माझा चष्मा देवघरात राहिला, वाच बघू काय लिहिलंय." रिफाइंड सोयाबीन तेल, जीवनसत्त्व अ आणि ड, पॅकिंगची तारीख. "आणि सोयाबीन कुठलं?" ते लिहिलेलं नव्हतं. पूर्वी कुळागरातले नारळ फोडून, खोबरं वाळवून घाण्यावर न्यायचे. तेल कुठल्या माडाचं, हेसुद्धा तिला तेव्हा सांगता आलं असतं.

भारत सोयाबीन तेल आयात करतो ते मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. तिथलं बहुतेक सगळं सोयाबीन जनुकीय बदल केलेलं असतं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं असतं, म्हणून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की तण मरतं आणि पीक उभं राहतं. पण कढईतल्या तेलात ते जनुक शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. जनुक म्हणजे डीएनएचा तुकडा, तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ. शुद्धीकरणात डीएनए आणि प्रथिनं जवळपास सगळी निघून जातात. प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती काढत काढत तो दिसण्याइतका वाढवते. कच्च्या दाण्यावर ती उत्तम चालते, पण मूळ तुकडाच उरला नसेल तर वाढवणार काय? म्हणून तेलाचं मूळ तेलात सापडत नाही. ते शेतापासून गिरणीपर्यंतच्या कागदांत शोधावं लागतं.

हे कागद कंपनीकडे मागायचे कोणी? अमेरिकेत ते काम गेली पंचवीसेक वर्षं गुंतवणूकदारांतला एक गट करत आला आहे. त्यात धार्मिक संस्थांचे निधी पुढे होते. 'इंटरफेथ सेंटर ऑन कॉर्पोरेट रिस्पॉन्सिबिलिटी' ही त्यांची १९७१ पासूनची संघटना. अन्नकंपन्यांचे थोडे शेअर घ्यायचे आणि वार्षिक सभेत ठराव मांडायचा: जनुकीय बदल केलेले घटक कुठे वापरता ते सांगा, वेष्टनावर लिहा, नाहीतर त्यांच्या जोखमीचा अहवाल द्या.

जोखीम हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा, आणि त्यासाठी २००० सालचं स्टारलिंक प्रकरण पाहायला हवं. स्टारलिंक हे जनुकीय बदल केलेलं मक्याचं वाण. खोडकिडीला मारणारं क्राय९सी नावाचं प्रथिन त्यात होतं. हे प्रथिन उष्णतेत टिकायचं आणि पोटातल्यासारख्या पाचक द्रवात लवकर तुटायचं नाही. ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनांची हीच लक्षणं, म्हणून १९९८ मध्ये परवानगी मिळाली ती फक्त जनावरांच्या खाद्यासाठी. अमेरिकेतल्या मक्याच्या एक टक्क्याहूनही कमी क्षेत्रावर ते लावलेलं होतं. तरी सप्टेंबर २००० मध्ये ते माणसांच्या खाण्यात सापडलं, क्राफ्ट कंपनी टॅको बेलच्या नावानं विकत असलेल्या मक्याच्या कुरकुरीत पुऱ्यांत. मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात, आणि गावोगावचा मका एकाच कोठारात ओतला जातो. पुढे तीनशेवर उत्पादनं दुकानांतून परत घ्यावी लागली. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांचं रक्त सरकारी संस्थेनं तपासलं, त्यात या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही. नुकसान मात्र होऊन गेलं होतं. २००६ मध्ये बायर कंपनीच्या, जनुकीय बदल केलेल्या पण परवानगी नसलेल्या तांदळाचा अंश अमेरिकेच्या तांदळात सापडला, निर्यात कोसळली, आणि २०११ मध्ये कंपनीनं शेतकऱ्यांना ७५ कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचं मान्य केलं.

गुंतवणूकदाराचा मुद्दा तो हाच. माल वेगळा ठेवता येत नसेल, तर कोणाच्या तरी शेतातली चूक तुमच्या ताळेबंदात येऊन बसते.

हे ठराव मतदानात बहुधा पडतात. २०१४ मध्ये जनरल मिल्स या अमेरिकी अन्नकंपनीच्या सभेत असे घटक वगळण्याच्या ठरावाला सुमारे दोन टक्के मतं पडली. पण त्याच वर्षी जानेवारीत त्याच कंपनीनं आपलं मूळ चीरिओज हे न्याहारीचं सीरिअल असे घटक न वापरता बनवत असल्याचं जाहीर केलं होतं. ते ओटचं, आणि जनुकीय बदल केलेले ओट बाजारात नाहीतच. बदलावा लागला तो थोडासा मक्याचा स्टार्च आणि थोडी साखर. ग्राहक विचारायला लागला की कंपनी आधी सोपं ते बदलते, असा मी याचा अर्थ लावतो.

आता आरोग्याचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ मध्ये शेकडो अभ्यास पडताळले, आणि बाजारातलं असं अन्न नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त धोक्याचं असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला तो निष्कर्ष पटतो, आणि मावशीलाही मी तेच सांगितलं. पण "यानं काही होत नाही" हे "यात काय आहे" या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तिनं विचारलं होतं ते दुसरं.

आपल्याकडे मोठा हिस्सा नसलेल्या भागधारकाला हे विचारणं अवघड. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे सभासदांना स्वतःचा ठराव इतर भागधारकांपुढे न्यायचा तर मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा एक दशांश हिस्सा पाठीशी लागतो. अमेरिकेत कितीतरी वर्षं २००० डॉलरचे शेअर वर्षभर जवळ असले की पुरत होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्ये २४ आयात पिकांसाठी बिगर-जीएम, म्हणजे जनुकीय बदल नसल्याचं, प्रमाणपत्र सक्तीचं केलं, अनवधानानं झालेली एक टक्क्यापर्यंतची मिसळ चालेल असं ठरवलं. पण ती यादी पिकांची आहे, तेलाची नव्हे. आणि देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेला कापूस आहे, त्याच्या सरकीचं तेल आपण कधीपासून खातोच आहोत.

माझ्याकडे एका बिस्किट कंपनीचे दहा शेअर आहेत. तिची वार्षिक सभा आता व्हिडिओवर होते आणि प्रश्न आधी ईमेलनं पाठवता येतो. ठराव नाही, निदान प्रश्न तरी. मावशीच्या शेवटच्या नेवऱ्या कढईत असताना मी तो लिहून काढला: तुमच्या बिस्किटातलं लेसिथिन (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक) सोयाचं असेल तर ते सोयाबीन कुठल्या देशातलं, आणि ते सांगणारा कागद पुरवठादाराकडून तुम्ही घेता का?