नजर आणेवारी ते पीक कापणी

साठलेल्या आकड्यांतून निर्णयापुरता अर्थ काढणं, म्हणजे डेटा अ‍ॅनालिटिक्स. शब्द नवा, पण आपल्या शिवारात हे काम जुनंच. त्याला आणेवारी म्हणत.

सोळा आणे म्हणजे पुरतं पीक. गावाचं पीक किती आणे, हे महसूल खात्याची माणसं नजरेनं ठरवत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती. साहजिकच नजर कुणाची, यावर गावोगाव वाद.

नजरेऐवजी विळा वापरावा, हे १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक या अधिकाऱ्यानं करून दाखवलं. भाताच्या शेतांत कुठेही, निवड न करता, छोटे त्रिकोण आखायचे, तेवढंच कापायचं, तोलायचं आणि त्यावरून सगळ्या पिकाचा अंदाज काढायचा. पुढे बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी तागाची पाहणी याच वाटेनं मोठ्या प्रमाणावर नेली.

इथे साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे येतात. लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले. वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांसह त्यांनी कापणीची पद्धत बसवली. महालनोबिसांशी त्यांचं वाजलं ते कापायचा तुकडा केवढा असावा यावरून. तुकडा लहान असला की कडेवरची पिकाची ताटं आत धरायची की बाहेर, हा प्रश्न पदोपदी येतो; आणि कापणाऱ्याचा हात ती आतच ओढतो. लबाडी नसते, पण उत्पादन फुगतं. हे सुखात्म्यांनी १९४६ मध्ये आकड्यांनिशी मांडलं. मला तर या विषयाचा गाभाच त्या कडेवरच्या ताटात दिसतो: हजारो तुकडे कापले तरी प्रत्येकात चूक एकाच बाजूला असेल, तर सरासरी काढून ती जात नाही.

आता अनेक पिकांसाठी १० बाय ५ मीटरची चौकट आखतात. गट नंबर चिठ्ठीसारखाच, यादृच्छिक आकड्यांवरून निघतो. २०१६च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती मुख्यतः या कापणीवर. २०२३ पासून भात-गव्हाच्या हिशेबात उपग्रहाच्या मदतीनं काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन मिळालं. उरलेलं वजन अजून चौकटीत कापून, मळून, तोललेल्या धान्याचंच आहे.