मेंदूची घडी बसायला किती दिवस लागतात?

जानेवारी उजाडला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर २१ दिवसांचे उपक्रम सुरू होतात. २१ दिवस पहाटे उठा, २१ दिवस रात्री कृतज्ञतेची वही लिहा, २१ दिवस फक्त चांगलाच विचार करा, मेंदू बदलेल. बाविसाव्या दिवशी ज्यांना जमलेलं नसतं, ते स्वतःलाच दोष देत बसतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण तो आकडा मुळात सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही.

तो आला प्लास्टिक सर्जरीतून. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी सर्जननं १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. तोंडोतोंडी जाताना ‘किमान’ गळलं आणि चेहराही गळला. प्रत्यक्ष सवयींची मोजणी लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी जेवणाबरोबर फळ खाणं, रोज थोडं पळणं अशी एकेक गोष्ट निवडली होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून केलेलं वाया जात नाही, हेही त्यात दिसलं. ही गोष्ट ग्रुपवर कोणी का पाठवत नाही?

आपल्याकडे या सगळ्याला जुना शब्द आहे, अभ्यास. योगसूत्रांत त्याच्या अटी दिल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पाडता, आस्थेनं. दिवसांचा आकडा नाही. पुण्याजवळच्या देहूत तुकोबांनी ‘मन करा रे प्रसन्न’ म्हटलं, ते आज भिंतीभिंतीवर दिसतं. त्याच तुकोबांचं ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ मात्र त्या मानानं मागे पडलं. माझ्या मते मेंदू बदलण्याच्या या विषयाचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन ओळींची, विचाराची आणि सरावाची, ताटातूट आणि पुन्हा झालेली भेट आहे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा असायचा. आजी वाती वळत बसायची आणि आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी म्हणायचो. अडखळलं की ती रागवायची नाही, नुसती वात वळायची थांबायची. त्या थांबण्यानंच चूक कळायची. मेंदू हा शब्द तिनं कधी उच्चारला नसेल.

तिकडे अमेरिकेत विल्यम जेम्सनं १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात सवयीवर एक प्रकरणच लिहिलं. एकदा घातलेली घडी पुन्हा घालायला सोपी जाते, हे कागदाचं उदाहरण त्यात आहे. आपणही संसाराची घडी बसली असंच म्हणतो. पण मेंदूविज्ञान दुसऱ्या वाटेनं गेलं. १९०६ चं नोबेल मिळालेल्या स्पेनच्या मेंदूशास्त्रज्ञ काहालनं प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरलेले असतात असं लिहिलं, आणि पुढची कित्येक दशकं तेच प्रमाण मानलं गेलं. १९४९ मध्ये मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी मांडलं, की एक चेतापेशी दुसरीला वारंवार चेतवत राहिली तर त्यांच्यातला दुवा बळकट होतो. १९६० च्या दशकात बर्कलीत मॅरियन डायमंड यांना खेळणी आणि सोबती मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, जाड झालेलं आढळलं. २००० साली लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत, वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला.

यात मला सगळ्यात जवळची वाटते ती पेद्रो बाख-इ-रिता या प्राध्यापकांची हकीकत. पासष्टीत अर्धांगवायू झाला, बोलणं गेलं. मुलानं त्यांना आधी रांगायला शिकवलं, मग भांडी घासायला बसवलं, कारण त्यात हात गोल फिरतो. ते पुन्हा शिकवू लागले. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा इजा भरून आलेली नव्हती, मोठं नुकसान तसंच होतं. उरलेल्या मेंदूनं काम वाटून घेतलं होतं.

विचारांची वाट वेगळीच चालली होती. फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए रोज उठून ‘मी बरा होतोय’ असं स्वतःला बजावायला सांगत. १९५२ मध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या पुस्तकानं सकारात्मक विचार घरोघर नेला. यात दिलासा होता, पण कृतीची सक्ती नव्हती. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात तर यशाची नुसती गोड स्वप्नं रंगवणारे प्रत्यक्षात मागे पडलेले दिसले. विचार आणि सराव यांची भेट झाली ती अल्बर्ट एलिस आणि आरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांमुळे. त्यांनी विचार पकडा, तपासा, मग वागून बघा आणि पुन्हा वागून बघा असं सांगितलं. म्हणजे विचारालाच अभ्यासाला बसवलं. एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी भारतात रुजवली, आणि मराठीत विवेकनिष्ठ हा शब्द त्या अर्थानं रुळला. पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करून योगाची प्रयोगशाळेत तपासणी चालवली होती, हेही इथे आठवायला हवं.

बाबांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला तेव्हा फिजिओथेरपिस्टनं दोन वाट्या आणि मूठभर राजमा मागवला. एकेक दाणा उचलायचा, या वाटीतून त्या वाटीत. एकविसाव्या दिवशी तीन दाणे गेले, बाकीचे जमिनीवर. आई गोळा करून पुन्हा वाटीत टाकायची आणि ‘काल दोनच गेले होते’ म्हणायची. पाचव्या महिन्यात त्यांनी शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं. दुसऱ्या दिवशी आईनं राजमा काढून वाटीत मूग घातले.