अमेरिकेत नोकरीत कोटा असतो का? खुलासा

"अमेरिकेत कायद्यानेच कंपन्यांना कृष्णवर्णीयांचा कोटा भरावा लागतो, मेरिटवाले मागे राहतात" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. आपल्याकडे आरक्षणात जागा ठरलेल्या असतात, म्हणून तिकडेही तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण तिथला १९६४ चा नागरी हक्क कायदा नेटवर फुकट आहे, त्यातलं टायटल सेव्हन (म्हणजे नोकरीबद्दलचा भाग) उघडून बघा. वंश, रंग, मूळ देश बघून नोकरी नाकारायला बंदी आहे (तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी पोरांनाही हेच संरक्षण), आणि कलम ७०३ (जे) मध्ये स्पष्ट लिहिलंय की लोकसंख्येच्या प्रमाणात माणसं नाहीत एवढ्यावरून कुणाला झुकतं माप द्यायची सक्ती नाही.

आता मेरिटचं. २००४ साली छापून आलेल्या एका प्रयोगात बोस्टन आणि शिकागोत जवळपास ५,००० बनावट रेझ्युमे पाठवले, शिक्षण-अनुभव त्याच तोलाचा, फरक फक्त नावात. एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण १० अर्जांमागे एक फोन आला आणि लकिशा, जमाल अशा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना १५ मागे एक. मेरिट तेच होतं हो, पण मुलाखतीपर्यंत पोचूच दिलं नाही, मला हेच फार टोचतं.