अलॉय चाकांची निवड : खानदेशातील मोटारगाड्या

कारखान्यातून गाडीसोबत आलेली चाके काढून त्यांच्या जागी बाजारातली चाके बसवण्याची प्रथा. ही चाके बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. बोलण्यात त्यांना ‘अलॉय’ म्हणतात, जुने मेकॅनिक अजूनही ‘मॅग’ म्हणतात. या नोंदीत चाक किंवा रिम म्हणजे टायर वगळून उरणारा धातूचा भाग. गॅरेजात त्यालाच ‘डिस्क’ही म्हणतात, त्यामुळे ब्रेकच्या डिस्कशी गल्लत होऊ देऊ नये.

खानदेशात, म्हणजे धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत (पाट्या अनुक्रमे एमएच १८, १९ आणि ३९), ही हौस जुनी आहे. कापसाचे किंवा केळीचे पैसे हातात आले, घरात लग्न निघाले, की गाडीला काहीतरी नवे करायची इच्छा होते. खालच्या व्हेरियंटला काळ्या लोखंडी रिमा आणि प्लॅस्टिकच्या टोप्या येतात. त्या उतरवून अलॉय चढवले की गाडी वरच्या व्हेरियंटसारखी दिसते, आणि यात वाईट काही नाही. अडचण एवढीच, की निवड दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या डिझाइनपासून सुरू होते. क्रम उलटा हवा. गाडीत किती माणसे-माल भरला जातो आणि ती कोणत्या रस्त्यावर चालते यावरून टायर ठरवावा, टायरवरून रिमचे माप ठरवावे, आणि त्या मापात जी डिझाइने मिळतील त्यांतून आवडेल ते घ्यावे.

धातू आणि घडण

१९२४ सालच्या बुगाटी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती. पुढे शर्यतींत मॅग्नेशियमची चाके आली आणि ‘मॅग’ हा शब्द तिथून रुळला. मॅग्नेशियम हलके असले तरी लवकर गंजते, म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ॲल्युमिनियमच टिकले. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. बाजारातले बहुतेक अलॉय ओतकामाचे असतात. फ्लो फॉर्मिंगमध्ये ओतलेल्या चाकाचा बाहेरचा घेर फिरवत दाबून पातळ आणि मजबूत केला जातो. फोर्जिंगचे, म्हणजे धातूचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवून केलेले चाक सर्वांत हलके, मजबूत आणि महाग असते. आपल्याकडच्या साध्या मोटारींना ते क्वचितच दिसते.

अलॉय हलके असते, ही समजूत निम्मीच खरी आहे. त्याच मापाचे चांगले अलॉय लोखंडी रिमपेक्षा हलके असू शकते. पण १४ इंचाची रिम काढून १७ इंचाचे स्वस्त ओतीव अलॉय चढवले तर वजन वाढते. ते वाढलेले वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने खड्ड्यात गाडी जास्त आपटते आणि मायलेजही थोडे उतरते.

रस्ते आणि टायरची भिंत

खानदेशातून दोन मोठे महामार्ग जातात. सुरत–धुळे–जळगाव–नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना ६) आणि धुळ्याला छेदणारा मुंबई–आग्रा मार्ग. सुरतेकडे जाताना कोंडाईबारी घाट लागतो, संभाजीनगरकडे जाताना चाळीसगावपुढचा औट्रम (कन्नड) घाट, तर शहाद्याहून वर तोरणमाळचा. महामार्गाच्या चांगल्या पट्ट्यात १०० च्या वेगाने जाणारी गाडी पुढच्याच तासाला यावल किंवा रावेरच्या एखाद्या शिवाररस्त्यावर बैलगाडीच्या चाकोरीत असते. फागणे–तरसोद–चिखली चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, त्या काळात वळणरस्त्यावरच्या खड्ड्यांनी किती रिमा वाकवल्या याचा अंदाज महामार्गालगतच्या टायरवाल्यांनाच असेल.

खड्ड्यात गेल्यावर चाक वाचवते ती टायरची भिंत. १६५/८० आर १४ टायरची (१६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, १४ हा रिमचा इंचातला व्यास) भिंत १३२ मिलिमीटर उंच असते. १८५/६५ आर १५ ची १२० आणि १९५/५५ आर १६ ची सुमारे १०७. तिन्ही टायरांचा पूर्ण व्यास मात्र ६२० मिलिमीटरच्या आसपासच, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक जाणवत नाही. २०५/४५ आर १७ वर गेलात की व्यास ६१६, पण भिंत ९२ मिलिमीटरच उरते. म्हणजे १४ वरून १७ इंचावर जाताना खड्डा आणि धातू यांच्यामधले ४० मिलिमीटर रबर आणि हवा आपण पैसे देऊन काढून टाकतो.

लोखंडी रिम खड्ड्यात वाकते, आणि वाकलेली रिम टायरवाला ठोकून सरळ करतो. अलॉय काही प्रमाणात वाकते, मग तडकते. किंचित वाकलेले अलॉय यंत्रावर दाबून सरळ करता येते, पण तडा वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर चालवू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेवरची मूळ ताकद जाते. तडा बहुधा आतल्या बाजूच्या कडेला असतो, बाहेरून पाहून समजत नाही. ज्यांचे येणे-जाणे धडगाव, अक्कलकुवा किंवा सातपुड्यातल्या पाड्यांकडे जास्त आहे, त्यांनी कारखान्यातले लोखंडी चाक ठेवले तर त्यात कमीपणा नाही. अलॉय हवेच असेल तर मूळ मापावर किंवा फार तर एका इंचाच्या वाढीवर थांबावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: १८५/६५ आर १५ हा टायर तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यता मोठी. वेगळ्या मापाचा टायर रात्री नवापूरजवळ फाटला तर सकाळपर्यंत थांबून तो बाहेरून मागवावा लागतो.

भार

जळगावातली एखादी सात आसनी गाडी लग्नाला निघते तेव्हा तिच्यात किती माणसे बसतात हे सर्वांना ठाऊक आहे. वर कॅरिअरवर बॅगा. म्हणून भारांक पाहणे इथे जास्त महत्त्वाचे. टायरवर मापानंतर येणारा आकडा म्हणजे भारांक: ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. आता मजा पाहा. १६५/८० आर १४ टायर बहुधा ८५ भारांकाचा असतो, तर साधा २०५/४५ आर १७ फक्त ८४ चा, म्हणजे ५०० किलोचा. टायर रुंद आणि दिसायला दांडगा, पण उचलतो कमी. एक्स्ट्रा लोड प्रकारातला त्याच मापाचा टायर ८८ चा मिळतो, पण त्यात हवाही जास्त लागते.

रिमलाही स्वतःची भारक्षमता असते आणि ती आरीच्या (स्पोकच्या) मागच्या बाजूला किलोत कोरलेली असते. गाडीच्या जास्त भार असलेल्या आसाची (ॲक्सलची) कमाल मर्यादा निम्मी करावी. रिमचा आकडा त्यापेक्षा कमी असेल तर ती रिम घेऊ नये. आकडाच कोरलेला नसेल तर प्रश्न मिटला, दुकानातून परत यावे.

मापे

दुकानदाराला रिम उलटी करून दाखवायला सांगावे. मागे ‘१५ × ६ जे’, ‘ईटी ४०’, ‘४ × १००’ अशा खुणा दिसतात. १५ हा इंचातला व्यास, ६ ही इंचातली रुंदी, ‘जे’ हा कडेच्या आकाराचा प्रकार. रुंदी टायरला जुळायला हवी: १८५/६५ आर १५ टायर ५ ते ६.५ इंच रुंदीच्या रिमवर चालतो, त्याहून रुंद रिमवर त्याच्या भिंती ताणल्या जातात.

‘४ × १००’ म्हणजे चार भोके, आणि त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. याला पीसीडी म्हणतात. स्विफ्ट, आय २०, इटिऑस आणि होंडा सिटी या गाड्या ४ × १०० च्या. इनोव्हा, क्रेटा, ब्रेझा आणि डस्टर ५ × ११४.३ च्या, पोलो ५ × १०० ची, फॉर्च्युनर ६ × १३९.७ ची. चार भोकांत समोरासमोरच्या दोन मध्यांमधले अंतर मोजले की झाले. पाच भोकांत शेजारच्या दोन मध्यांमधले अंतर १.७०१ ने गुणावे. जुन्या फियाट पुंटो आणि लिनियाची मोजणी ४ × ९८ आहे आणि तिथे फसगत होते. १०० ची रिम तिच्यावर ‘बसते’, कारण बोल्ट जरा तिरके होऊन आत जातात. अशी बसलेली रिम केव्हा सैल होईल याचा नेम नसतो.

मधल्या भोकाचे माप, म्हणजे सेंटर बोअर, लोक विचारतच नाहीत. स्विफ्ट आणि आय २० ला ५४.१ मिलिमीटर लागते, होंडा सिटीला ५६.१, इनोव्हाला ६०.१, क्रेटाला ६७.१. बाजारातली रिम सर्वांना चालावी म्हणून हे भोक मोठे, पुष्कळदा ७३.१ चे ठेवतात, आणि उरलेली फट भरायला कडी लागते. कडी नसली की चाक केंद्रावर नीट येत नाही आणि ८०–९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. मग गिऱ्हाईक तीन वेळा बॅलन्सिंग करून घेते आणि यंत्रालाच दोष देते. कडी ॲल्युमिनियमची घ्यावी; औट्रम घाट उतरताना तापलेल्या ब्रेकच्या उष्णतेत प्लॅस्टिकची कडी मऊ पडू शकते.

‘ईटी’ म्हणजे ऑफसेट. चाक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला, टेकते तो पृष्ठभाग रिमच्या मधोमध नसून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक मडगार्डबाहेर सरकते. ६ जे ईटी ४५ काढून ७ जे ईटी ३५ बसवली तर बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर येते: रुंदीचे १२.७ आणि ऑफसेटचे १०. आतल्या बाजूला मात्र २.७ मिलिमीटरच वाढ होते. बाहेर आलेले चाक रुबाबदार दिसते हे मान्य, पण व्हील बेअरिंगवर ताण येतो आणि पावसाळ्यात सगळा चिखल दरवाज्यांवर उडतो. ऑफसेट मुळाच्या ५ मिलिमीटर अलीकडे-पलीकडे ठेवला तर तक्रार सहसा येत नाही. स्पेसर (हब आणि चाक यांच्यामधली जाड चकती) टाकून चाक बाहेर काढणे टाळावे.

काळी माती

तापीकाठची काळी माती हा इथला खास विषय आहे. पावसात शेताच्या वाटेने गाडी नेली की ती रिमच्या आतल्या घेरात चिकटते, वाळली की चुन्यासारखी घट्ट बसते. एका बाजूला मूठभर माती साचली तरी चाकाचा तोल जातो, आणि दुसऱ्या दिवशी महामार्गावर गाडी थरथरू लागते. म्हणून बॅलन्सिंगला जाण्यापूर्वी आतला घेर पाण्याने आणि ब्रशने धुवावा. बारीक जाळीच्या, खोल कप्प्यांच्या डिझाइनात माती जास्त अडकते आणि हात आत जात नाही. पाच किंवा सहा सुट्या, रुंद आऱ्यांचे चाक शेतकऱ्याच्या गाडीला सोयीचे. बॅलन्सिंगची चिकटवायची वजने धूळ न पुसता लावली असतील तर पहिल्याच धुण्यात गळतात.

उन्हाळ्याचा मुद्दा त्यामानाने साधा आहे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. टायरमधली हवा दर ५ ते ६ अंशांना साधारण १ पीएसआयने वाढते, म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढू नये.

खुणा आणि कायदा

भारतात चाकांच्या रिमसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे आणि हलक्या मिश्रधातूच्या चाकांच्या चाचण्या एआयएस-०७३ मध्ये दिल्या आहेत. जपानी ‘जेडब्ल्यूएल’ ही खूणही दिसते. ती चाक ठरावीक चाचण्यांत उतरल्याचे सांगते, पण नकली मालावरही ती ओतता येते, म्हणून पक्के बिल आणि निर्मात्याची वॉरंटी असलेला मालच घ्यावा.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. गाडीच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते त्यात राहणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. नवी चाके विमा कंपनीला कळवून विमापत्रात नोंदवून घ्यावीत, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

बसवताना

चारही टायर चढवण्याआधी पुढचे एक चाक लावून पाहावे. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे आणि ब्रेकच्या कॅलिपरपासून (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागापासून) आरीपर्यंत फट आहे ना हे बोट घालून बघावे. मग मागचे चाक लावून मडगार्डच्या आतल्या कडेला खडूची रेघ ओढावी, मागे तीन जण बसवून गतिरोधकावरून गाडी न्यावी. रेघ पुसली गेली तर टायर घासतोय.

नट हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. मारुतीचे नट १२ मिलिमीटर जाडीचे आणि १.२५ पेचाचे (पेच म्हणजे दोन आट्यांमधले मिलिमीटरमधले अंतर), टोयोटा, होंडा आणि ह्युंदाईचे १.५ पेचाचे, दुसऱ्याचा नट जबरदस्तीने फिरवला की स्टडचे आटे जातात. नटाचे बूडही, म्हणजे रिमला टेकणारी बाजू, जुळायला हवे. बाजारातल्या अलॉयला शंकूच्या आकाराचे बूड लागते, तर टोयोटाच्या मूळ अलॉयचे नट सपाट वायसरचे असतात. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने कसावेत. नुसता हवेच्या गनने घट्ट केलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर जॅकच्या पान्याने सुटत नाही. पहिल्या ५०–१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा कसून घ्यावेत. स्टेपनी मूळ चाकाचीच राहिली असेल आणि तिला वेगळे नट लागत असतील, तर जुने नट कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या खोबणीतच ठेवावेत, आणि लॉक नट (चोरी टाळण्यासाठी खास चावीनेच उघडणारे) लावले असतील तर त्यांची चावीही त्याच पिशवीत.